आमच्यात खणत नाहीत

दहा हजार वर्षांनी गुम्मिडिपूंडीत कोण राहत असेल, हा प्रश्न मला एका पंचतारांकित हॉटेलात, बदामाचं बिस्किट तोंडात असताना विचारला गेला. विचारणाऱ्याला उत्तर नकोच होतं. त्याला बैठक जेवणाआधी उरकायची होती.

मी संयुक्ता. अंबत्तूरच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. आमचं घराणं तंजावरकडचं मराठी, आजोबांच्या वेळेपासून चेन्नईत. राग माझ्या नाकावर असतो असं घरचे म्हणतात आणि ते खरं आहे, कारण रागवण्यासारखं या शहरात पुष्कळ आहे. चेन्नईबाहेरच्या गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीमागे एका कंपनीने वर्षानुवर्षं क्रोमचा कचरा खड्ड्यात ओतला. कारखाना बंद पडल्यावर हुकूम निघाला, की खड्डा सीलबंद करा आणि पुढच्या पिढ्यांसाठी तिथे कायमचा इशारा लावा. आता कायमचा म्हणजे किती, हे ठरवायला आम्हा काही शहाण्यांना बोलावलं होतं.

एका पाहुण्या तज्ज्ञाने पडद्यावर चित्रं दाखवली. किंचाळणारा चेहरा, बटबटीत डोळे, लोंबणारी जीभ. म्हणाला, भाषा मरतात, पण भीती सगळ्या माणसांना कळते. मी म्हटलं, "जरा चेन्नईत फिरून या. बांधकाम चालू असलेल्या घरांवर इथे असंच तोंड टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून. हे चित्र लावलंत तर लोकांना वाटेल, इथे फ्लॅट होतायत. बुकिंगला रांग लागेल." सगळे हसले. मी विनोद केलेला नव्हता.

दुसरा म्हणाला, ग्रॅनाइटवर कोरू. मग मी तंजावरच्या मोठ्या देवळाचं सांगितलं. तिथल्या भिंतीवर आमच्या राजाने आपल्या घराण्याचा आख्खा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय. दोनशे वर्षं उलटली, दगड ठणठणीत आहे. लोक त्याला पाठ टेकून फोटो काढतात. "दगड टिकतो हो," मी म्हटलं, "वाचणारा टिकत नाही."

कंपनीतर्फे क्षितिज आला होता. पुण्याचा, चाळिशीतला, जिभेवर साखर. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमची मराठी ऐकली की बखर वाचल्यासारखं वाटतं. आपण मराठी माणसं, म्हणून मोकळेपणाने सांगतो. आम्हाला तीस वर्षं देखरेख करायचीय, बास. वर हिरवळ, फुलपाखरांची बाग, एक छानशी ग्रॅनाइटची पाटी. तीस वर्षांनी तुम्ही कुठे, मी कुठे!"

"आपण कुठेही असू," मी म्हटलं, "ते तिथेच असेल. अणुभट्टीचा कचरा निदान म्हातारा तरी होतो. क्रोम धातू आहे. त्याला वय नाही."

पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, 'इथे आम्ही विष पुरलं आहे. खणू नका. इथलं पाणी पिऊ नका.' मंजूर होऊन आलं ते असं: 'संवेदनशील क्षेत्र. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' खाली संचालकांची नावं, मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरांत.

मला हे एवढं का झोंबलं ते सांगते. तो खड्डा माझ्या भावाने भरला होता. तुकोजीअण्णा त्या कारखान्यात सुपरवायझर होता. लांब उभं राहून हुकूम सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे हाताखालच्या माणसांबरोबर तोही पिंपं ओतायचा. क्रोमने त्याच्या नाकाचा मधला पडदा खाल्ला. दोन नाकपुड्यांच्या मध्ये आरपार भोक. पुढे त्याला दुखायचं नाही की रक्त यायचं नाही, फक्त श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची आणि जगातला कुठलाही वास यायचा नाही. अशी शिट्टी वाजणारे तिथे बरेच जण होते. कंपनीच्या डॉक्टरने सगळ्यांना सर्दीची गोळी दिली होती.

पुढे कधीही, कोणीही तिथे फावडं मारू नये आणि कोणाच्या नाकात ती शिट्टी वाजू नये, एवढं मला हवं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दगडावर मला अण्णाचं नाव हवं होतं. संचालकांची नावं राहणार आणि ज्याने ते अंगावर घेतलं त्याचं नाही, हे मला सहन होत नव्हतं.

त्या रविवारी शेजारणीने भाजीचा डबा दिला. अण्णाची बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच राहायचा. माझा हा भाऊ म्हणजे सर्वभक्षी. स्टेशनसमोरची मटण बिर्याणी काय, समुद्रावरचे तळलेले खेकडे काय, त्याला काही वर्ज्य नव्हतं. वास येत नसल्यामुळे शिळंपाकंही चालायचं. त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि ताट मागे सारलं.

"पुडलंगाय की गे ही," तो म्हणाला. पुडलंगाय म्हणजे पडवळ.

"मग? खा की."

"आमच्यांत नाही ते. ठाऊक नाही की तुज?"

मला ठाऊक होतं. आमच्या घराण्यात पडवळ खात नाहीत. का, ते कोणालाच माहीत नाही. मी वडिलांना विचारलं होतं, त्यांनी त्यांच्या वडिलांना विचारलं होतं, आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं होतं: आमच्यात नाही ते. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, देवाला नमस्कारसुद्धा सवडीने करणारी, पण मीही आजवर पडवळ तोंडात घातलेलं नाही.

पडवळाच्या जातीतली फळं कधीकधी कडूजहर निघतात आणि तसं एखादं खाण्यात आलं तर माणूस दगावू शकतो. तेव्हा तंजावरात कधीतरी आमच्या घरातलं कोणीतरी जेवताजेवता गेलं असणार. त्याचं नाव विसरलं गेलं. राज्य गेलं, गाव सुटलं, निम्मी भाषा तमिळ झाली. तरी तो मेलेला माणूस अजून आमच्या ताटावर हात आडवा धरून बसलाय. मी हातातला भाताचा घास खाली ठेवला.

"अण्णा," मी म्हटलं, "हेच पाहिजे आपल्याला. कारण विसरलं तरी लोक मानतील असं काहीतरी."

इथपर्यंत मी शहाणी होते. पुढे माती खाल्ली.

लोक कारण न विचारता काय मानतात? देव. चेन्नईत रस्ता रुंद करताना साहेबाचा बंगला हलेल, पण झाडाखालचा हळद लावलेला दगड हलणार नाही. रस्ताच वाकून जाईल. आमच्या आईचा दोशाचं पीठ वाटायचा जुना रगडा होता. ग्राइंडर आल्यापासून त्याचा दगडी बत्ता गच्चीत कुंड्यांना टेकू म्हणून पडलेला. मी आणि अण्णाने तो मोटारीच्या डिकीत घातला, गुम्मिडिपूंडीला नेला आणि खड्ड्याच्या मधोमध, नव्या हिरवळीवर उभा केला. हळद फासली, कुंकू लावलं, लाल फडकं गुंडाळलं. पहारेकरी जेवायला गेला होता. परत येताना अण्णा हसत होता आणि त्याच्या नाकातून शिट्टी वाजत होती.

"आई पाहिली असती तर मारली असती," तो म्हणाला.

पंधरवड्यात बत्त्यापुढे लिंबं आली. महिन्यात त्रिशूळ आला. कुंपणाच्या आतल्या कडुनिंबाच्या फांदीला बायकांनी नवसाचे पाळणे बांधले. मी खूश होते. तेवढ्यात क्षितिजचा फोन आला. तोही खूश होता.

"मॅडम, कळलं का? आपल्या बागेत देवी प्रकट झालीय! गावकरी देऊळ मागतायत. कंपनी बांधून देणार. पाया खणायला आडीतल्या पहिल्या शुक्रवारी सुरुवात. आणि भक्तांसाठी बोअरवेलही मारून देतोय."

लोकांनी लांब राहावं म्हणून मी दगड बसवला, आणि लोक जवळ आले. येणारच! आपल्याकडे देवापासून कोण लांब राहतं? माझा आख्खा जन्म या लोकांत गेला आणि एवढं मला कळू नये! पाया, बोअर, वर पोंगलचा नैवेद्य शिजवायच्या चुली. जे दहा हजार वर्षांनी होऊ नये म्हणून मी धडपडत होते, ते येत्या शुक्रवारी होणार होतं, आणि तेही माझ्या करणीने.

शुक्रवारी मी अण्णाला घेऊन गेले. आडी या तमिळ महिन्यात अम्मनला, म्हणजे देवीला, नाचणीची आंबील वाहतात. तिच्या हंड्या मांडल्या होत्या. शेजारच्या वाडीतली शे-दीडशे माणसं जमली होती. पुढे सेल्वराणी होती, वाडीतली सगळ्यात मोठा आवाज असलेली बाई. बाजूला क्षितिज, डोक्याला जरीचा रुमाल बांधून, हातात रिबीन लावलेली कुदळ.

मी सरळ बत्त्याजवळ गेले आणि तमिळमध्ये ओरडून सांगितलं, "ही देवी नाही. हा माझ्या आईचा रगड्याचा बत्ता आहे. मीच आणून ठेवला."

मला वाटलं, आता मार बसेल. सेल्वराणीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "असेना का तुझ्या आईचा," ती म्हणाली. "तू आणून ठेवलास तेव्हा बत्ता होता. मग ती आली. आता तू कोण तिला नाही म्हणणारी?"

मी पाण्याचे आकडे सांगायला लागले. एका लिटरमध्ये किती, चालतं किती, आहे किती. मागच्या बायका आंबिलीत कांदा घालायला लागल्या. क्षितिज हळूच म्हणाला, "मॅडम, मुहूर्त टळतोय." त्याने कुदळ उचलली. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा अण्णा पुढे झाला. त्याला बोलायची हौस कधीच नव्हती. त्याने बत्त्याभोवती गुंडाळलेला हळदीचा दोरा सोडला, टोक थुंकी लावून वळलं आणि उजव्या नाकपुडीत घातलं. ते डावीकडून बाहेर आलं. दोन्ही टोकं धरून त्याने दोरा इकडून तिकडे ओढला, सुईतून ओढतात तसा, सावकाश. कांदा चिरणारी विळी थांबली.

"हा खड्डा मी भरलाय," तो तमिळमध्ये म्हणाला. "याच हातांनी. खाली पिवळं आहे ते. माझ्याबरोबर भरणारे होते, त्यांतले निम्मे गेले. उरलेल्यांची नाकं अशी. उकरलं की ते वर येतं. तुमच्या पोरांच्या नाकात जाईल. बस्स, एवढंच." आणि त्याने श्वास घेतला. शिट्टी सगळ्यांनी ऐकली.

सेल्वराणी जवळ आली. तिने अण्णाच्या हनुवटीला धरून त्याचं डोकं वर केलं आणि नाकात नीट पाहिलं, डॉक्टरने पाहिलं नव्हतं तसं. मग ती लोकांकडे वळली.

"ऐकलंत? तिला खाली झाकायचंय ते झाकून ती बसलीय. तिच्या अंगाखाली कोणी हात घालायचा नाही." पुढचं सगळं बायकांनीच ठरवलं, तिथल्या तिथे, भांडत भांडत. इथे फावडं नाही. इथलं पाणी नाही. इथलं गवत गाईला नाही. इथे चूल नाही. आंबील कुंपणाबाहेर शिजवायची, बाहेरच वाहायची, बाहेरच प्यायची. एक म्हातारी म्हणाली, पाळणेही बाहेरच्या झाडाला बांधायचे. हंड्या उचलल्या गेल्या. आम्ही हॉटेलात बसून बिस्किटं खाल्ली आणि यातलं एकही कलम आम्हाला सुचलं नव्हतं.

क्षितिजचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही सायंटिस्ट," तो मराठीत म्हणाला, "आणि अंधश्रद्धा पसरवताय?"

"माझ्या भावाने खरं तेच सांगितलं," मी म्हटलं. "तीस वर्षांनी विष आपण होऊन निघून जाईल, असं तुमच्या कंपनीला वाटतं. ती कुठली श्रद्धा, ते आधी सांगा."

त्याने रुमाल सोडला. त्या दिवशी तिथे कुदळ धरायला एक माणूस मिळाला नाही, आणि नंतरही नाही. देऊळ राहून गेलं, बोअरही राहून गेली. ग्रॅनाइटची पाटी मात्र लागली. शेळ्या तिला पाठ घासतात.

पुढच्या वर्षी अण्णाच्या फुप्फुसात गाठ निघाली. मला आश्चर्य वाटलं नाही आणि त्यालाही नाही. दवाखान्यात मी त्याला म्हटलं, "अण्णा, मी तिथे तुझा दगड लावणार. तुझं नाव घालून. कोण अडवतं बघते मी."

"नको गे," तो म्हणाला. बोलताना आता दमायचा. "नाव वाचाला लोकं जवळ येतात. मज कोन्ही तिकडे जवळ यायाला नको."

मी भांडले. आजाऱ्याशी भांडू नये हे कळत असूनही भांडले. संचालकांचं नाव राहील, त्या लबाडांचं राहील, आणि तुझं काय? तो हसला, शिट्टी वाजली. "ते राहूंदेत की दगडावर," म्हणाला. "पडवळ खाऊन गेला त्याचं नाव काय, सांग पाहूं." आडी सुरू व्हायच्या आत तो गेला. घरातली ती शिट्टी बंद झाली, आणि मला कित्येक दिवस झोपेत तीच ऐकू यायची.

त्यानंतर काही वर्षं मी तिकडे गेले नाही. जाववत नव्हतं. यंदा आडीत सेल्वराणीचाच निरोप आला, म्हणून गेले. कंपनीने जमीन विकली होती. नवा मालक सौर पॅनेल बसवणार होता, आणि त्यांच्या खांबांसाठी खड्डे घ्यायला जेसीबी आला होता. यंत्र कुंपणाच्या फाटकात घरघरत उभं होतं. समोर सेल्वराणीची नात, असेल सहा-सात वर्षांची, दोन्ही हात पसरून उभी. मागे वाडीतल्या बायका, कोणी बसलेल्या, कोणी उभ्या, घाई कोणालाच नव्हती. बत्ता मधोमध होता तसाच होता. त्याच्यापर्यंत जाणारी पायवाटसुद्धा गवताने बुजली होती.

ड्रायव्हर परगावचा होता. तो वाकून त्या पोरीला विचारत होता, "अगं, पण का नाही खणायचं?"

"आमच्यात खणत नाहीत इथे," ती म्हणाली.

"का पण?"

"आमच्यात नाही ते."

"काहीतरी कारण असेल ना?"

पोरीने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण नाही म्हणजे नाही."

इतक्यात? अजून सेल्वराणी जिवंत आहे, मी जिवंत आहे, ज्यांच्यासमोर त्याने तो दोरा ओढला त्या बायका तिथे बसल्यात, आणि या पोरीला अण्णा माहीत नाही? मी तरातरा पुढे गेले. मला त्या ड्रायव्हरला, त्या पोरीला, नव्या मालकाला, सगळ्या जगाला सांगायचं होतं, की तुकोजी नावाचा माझा भाऊ होता, चांगला माणूस होता, आणि तुम्ही उभे आहात तिथे त्याचं नाक, त्याचं फुप्फुस, त्याचं आयुष्य पुरलंय.

ड्रायव्हरने मला पाहिलं. चष्मा, पर्स, पिकलेले केस. शिकलेलं माणूस दिसल्यावर त्याला बरं वाटलं. "मेडम, तुम्ही तरी सांगा," तो म्हणाला. "इथे खणायचं नाही म्हणतात. का?"

मी तोंड उघडलं. पोर माझ्याकडे बघत होती, हात तसेच पसरलेले, एवढीशी. तिला कारण नको होतं. तिला सोबत हवी होती. मी पर्स खांद्यावर सरकवली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात पसरले.

"आमच्यातही नाही," मी म्हटलं.

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मग मागच्या बायकांकडे बघितलं. मग त्याने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.